मिळालं, काम चालू आहे

नाशिकच्या एका दैनिकात जिल्हा पानाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढल्यानंतर मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. माणसं तीन. मालक स्वतः प्रोग्रामर होता. त्याचे वडील ओझरला कारखान्यात होते आणि नटबोल्टपासून सगळं मोजून बघायची सवय त्याने घरून आणली होती. दुसरी प्रोग्रामर सटाण्याकडची मुलगी. घरून फोन आला की ती अहिराणीत "माय, आते काम शे" म्हणून ठेवून द्यायची आणि लगेच प्रमाण मराठीत मालकाशी वाद पुढे चालू करायची. तिसरा मी. पडद्यावरचा मजकूर लिहायचा आणि वापरणाऱ्यांचे फोन घ्यायचे, एवढं माझं काम. मालक मला चिडवायला 'संपादक' म्हणायचा. ती मला 'काका' म्हणायची.

कंपनीचं मुख्य काम एकच होतं. द्राक्ष परदेशी पाठवणाऱ्या गटांसाठी आम्ही एक वेबसाइट चालवत होतो. कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधला माल कधी काढला, कधी पॅक झाला, त्याची प्रयोगशाळेतली तपासणी काय सांगते, हे सगळं प्रत्येक पेटीच्या स्टिकरशी जोडलेलं असायचं. कंटेनर भरला की एक बटण दाबायचं. मग त्या कंटेनरमधल्या सगळ्या पेट्यांचा माग प्लॉटपर्यंत लावून एक अहवाल तयार व्हायचा. तो तपासणी अधिकाऱ्याला दाखवला, की कंटेनरला सील लागायचं. पॅकहाउसमधली माणसं त्याला नुसतं 'रिपोर्ट' म्हणत.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावचा गट आमच्याकडे नवा आला होता. गटाची प्रमुख एक बाई होती. गावात आणि फोनवर सगळे तिला ताईच म्हणत, आम्हीही. गटातल्या कुटुंबांचा माल आजवर एका निर्यातदार व्यापाऱ्याच्या नावाने जात होता. पेटी त्याची, नाव त्याचं. या हंगामात ताईने हॉलंडमधल्या एका खरेदीदाराशी थेट बोलणं केलं होतं. त्याने अट घातली होती: एक कंटेनर पाठवा, कागद पूर्ण आणि वेळेत आले तर पुढचे कंटेनर आणि पुढचा हंगामही तुमच्याशी. गटातल्या कुटुंबांनी ताईला तितकीच सवलत दिली होती. हा एक कंटेनर तिच्या म्हणण्याप्रमाणे. तो गेला तर पुढचेही तसेच. अडकला तर माल पुन्हा व्यापाऱ्याकडे, आणि हा विषय परत काढायचा नाही. बैठकीत तिच्या चुलत सासऱ्यांनी ते सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं होतं.

रिपोर्ट छोटा असला की सगळं ठीक चालायचं. गटाने बेंगळुरूला थोडा माल पाठवला तेव्हा बटण दाबल्यावर काही क्षणांत कागद हातात होता. पूर्ण कंटेनर भरल्यासारखा डेटा टाकून त्यांनी सराव केला, त्या दिवशी ताईचा पहिला फोन आला.

"सर, भिंगरी फिरतीय."

पडद्यावर मधोमध फिरणाऱ्या गोल चिन्हाला पॅकहाउसमध्ये भिंगरी म्हणत. आम्हीही पुढे तेच म्हणायला लागलो.

"किती वेळ झाला, ताई?"

"चहा झाला. कप धुऊन झाले."

"मग?"

"मग पांढरं पान आलं. त्यावर इंग्रजीत कायतरी. परत दाबलं, परत भिंगरी. आता तर लॉगिनबी होईना. तुमचं बंद पडलंय का आमचं?"

बंद काहीच पडलं नव्हतं, आणि अडचण तीच होती. वापरणाऱ्याचा फोन आणि आमचा सर्व्हर यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. येणारी मागणी तो आत देतो, उत्तर आलं की बाहेर पाठवतो. उत्तर मिनिटभरात आलं नाही तर तो कंटाळून संपर्क तोडतो आणि बाहेरच्याला पांढरं पान दाखवतो. मात्र संपर्क तुटल्याचं आत कोणी सांगत नाही. आत काम चालूच राहतं. बाहेरचा माणूस काम मेलं असं समजून पुन्हा बटण दाबतो, आणि तेच काम दुसऱ्यांदा सुरू होतं. आमचा सर्व्हर एका वेळी मोजकीच कामं हातात घेऊ शकत होता. त्याचे सगळे हात एकाच रिपोर्टच्या प्रतींमध्ये अडकले, की साधं लॉगिन करून द्यायलाही हात उरत नव्हता.

मालकाने आधी वाट पाहण्याची मुदत वाढवली. मिनिटाची पाच मिनिटं केली. त्याने हात जास्त वेळ अडकून राहायला लागले आणि सर्व्हर आधीपेक्षा लवकर गुदमरला. मग त्याने रिपोर्टच वेगवान करायला घेतला. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. वेळ निम्म्यावर आला, पण निम्मा वेळही मिनिटापेक्षा मोठाच होता, कारण प्रत्येक प्लॉटचं तपासणीपत्र प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून आणावं लागत होतं आणि तो सर्व्हर त्याच्या मर्जीने उत्तर द्यायचा. शेवटी त्याने एक साधा उपाय केला. एकदा दाबलं की बटण करडं होणार आणि पुन्हा दाबता येणार नाही.

"आता दाबू देत किती दाबायचं ते," तो म्हणाला.

दुसऱ्या सरावात सर्व्हर पुन्हा बसला. नोंदी तपासल्या तर त्याच रिपोर्टच्या मागण्या ओळीने आलेल्या. मालक पडद्याकडे बघत राहिला. "बटण बंद आहे. मग हे दाबतंय कोण?"

"भूत," ती म्हणाली. "नाहीतर काका जाऊन बघून येतील."

मी एसटीने गेलो. पॅकहाउस गावाबाहेर, पत्र्याची मोठी शेड, बाजूला कोल्ड रूम. आत लांब टेबलांशी टोप्या घातलेल्या बाया कात्रीने घडातले खराब मणी काढत होत्या. त्यातल्या बहुतेक पेठ तालुक्यातून हंगामापुरत्या आलेल्या. भाताचं काम संपलं की त्या दरवर्षी इकडे उतरत. वजनकाट्याशेजारी खांबाला पेटीचा एक पुठ्ठा ठोकलेला होता. त्यावर मार्करने आमच्या वेबसाइटचा आयडी आणि पासवर्ड लिहिलेला होता, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. गटाला एकच लॉगिन दिलेलं होतं. ते खरोखर सगळ्या गटाचं झालं होतं.

ताई पन्नाशीच्या आतली, उंच, पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. मी म्हणालो, "ताई, नेहमी करता तसंच करा. मी नुसता बघतो."

तिने बटण दाबलं. बटण करडं झालं, भिंगरी फिरायला लागली. थोडा वेळ तिने बघितलं. मग फोन खाली घेत कोणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाली, "माझ्याकडून होत नाय. बघा बरं तुमच्याकडून."

तिच्या दिराने खिशातून फोन काढला आणि तो फाटकाकडे चालायला लागला. सुपरवायझर कोल्ड रूमच्या पायऱ्यांवर गेला. पिकअपचा ड्रायव्हर गाडीच्या टपावर चढला. हिशेब बघणाऱ्या बाईने खिडकीतून हात बाहेर काढला. सगळ्यांनी पुठ्ठ्याकडे बघून तेच लॉगिन टाकलं, तोच कंटेनर निवडला आणि तेच बटण दाबलं. प्रत्येकाच्या फोनवर ते बटण नवंकोरं, निळं होतं.

"हे नेहमी असंच करता?" मी विचारलं.

"मग?" दीर फाटकातून ओरडला. "त्या कंपनीची रेंज पायरीवर मिळती, माझी फाटकात. ज्याच्याकडून लागंल त्याच्याकडून. गॅसचा नंबर असाच लावतो आम्ही, दवाखान्याचाबी."

टेबलापाशी बसलेली पेठची एक बाई कात्री न थांबवता म्हणाली, "अन् कोनाचाच नाय लागला, मंग आमाला इचारतात. आमच्याकडं तर फोनच साधा हाय." बाया हसल्या.

त्यांच्या बाजूने बघितलं तर यात चूक काहीच नव्हती. फोन लावायचा असेल तर पाचांनी प्रयत्न करावेत, एकाचा लागला की सगळ्यांचं काम होतं. गावात रेंज आल्यापासूनची ही रीत होती आणि ती नेहमी कामाला आली होती. फक्त आमच्या बटणाबाबत हिशेब उलटा होत होता. पाचांनी प्रयत्न केले की पाच कामं सुरू होत होती, आणि त्यांच्या गर्दीत एकही पुरं होत नव्हतं.

परत आल्यावर मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती हसत सुटली.

"म्हणजे आपण एक दार लावलं आणि त्यांनी गावभर दारं उघडली."

मालकाला हसू आलं नाही. "लॉगिन एकाच फोनवर चालेल असं करतो. बाकीचे आपोआप बाहेर."

"कोणाच्या फोनवर?" मी विचारलं. "ताईंच्या फोनला पॅकहाउसमध्ये रेंज नाही, तो तिथल्या इंटरनेटच्या डब्यावर चालतो. दिराच्या फोनला फाटकातच आहे. त्या दिवशी कोण कुठे असेल ते आज कसं ठरवणार?"

"मग काय त्यांना शिस्त लावायला शिबिर घ्यायचं?"

ती खुर्ची फिरवून म्हणाली, "दादा, मी दिवाळीतच म्हटलं होतं, मागणी घ्यायची, रांगेत टाकायची, माणसाला लगेच सोडायचं. काम मागे होईल. तू म्हणालास, रिपोर्टसाठी एवढं कशाला."

"तेव्हा रिपोर्ट वीस पेट्यांचा होता."

"आता नाहीये."

मला त्या वेळी जिल्हा डेस्क आठवला. तालुक्याचे वार्ताहर बातमी पाठवायचे, सुरगाण्याहून, नामपूरहून, कुठून कुठून. सुरुवातीला फॅक्स, पुढे ईमेल. डेस्कवरचा माणूस कामात असला तर बातमी तशीच पडून राहायची. वार्ताहराला काही कळायचं नाही. मग तो तीच बातमी परत पाठवायचा, दुसऱ्या नंबरवर पाठवायचा, जाहिरात विभागात ओळखीच्याला पाठवायचा. एकदा नामपूरच्या कांदा बाजाराची एकच बातमी दोन पानांवर दोन मथळ्यांनी छापून आली. त्यानंतर मुख्य उपसंपादकांनी डेस्कला एक नियम घालून दिला. बातमी आली की वाचण्याआधी उलट कळवायचं: 'मिळाली.' छापणार की नाही, कोणत्या पानावर, हे नंतर. आधी फक्त 'मिळाली.' त्या एका शब्दाने दुबार बातम्या थांबल्या. 'मिळाली' कळलं की वार्ताहर निर्धास्तपणे जेवायला जायचा.

हे मी सांगितलं तेव्हा मालकाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे रांग तर हिची. पण त्यांना पहिल्यांदा दिसणारं वाक्य तुमचं."

"आणि एक," ती म्हणाली. "तुमच्या डेस्कने 'मिळाली' म्हटल्यावरही तीच बातमी दुसऱ्या नंबरवरून आली तर?"

"तर त्यालाही 'मिळाली'च म्हणायचं. आणि फेकून द्यायची."

"बस." ती कीबोर्डकडे वळली. "कंटेनर तोच असेल आणि पेट्या त्याच असतील तर काम एकच. कोणाच्याही फोनवरून येऊ दे. पहिल्याने सुरू केलं असेल तर बाकीच्यांना तेच चालू असलेलं दाखवायचं."

पुढचे काही दिवस त्या दोघांनी हे बांधलं. बटण दाबलं की सर्व्हर मागणीची नोंद करणार आणि लगेच उत्तर देऊन मोकळा होणार. लांबणारं काम वेगळ्या प्रोग्रामकडे जाणार, त्याचा वेबसाइटच्या हातांशी संबंध नाही. फोनवरचं पान अधूनमधून नुसतं विचारत राहणार, झालं का. तो प्रश्न हलका, त्याला उत्तर देणं सोपं. पान बंद झालं, फोन बंद झाला, तरी आतलं काम थांबणार नाही. प्रयोगशाळेचा सर्व्हर गप्प बसला तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं, सगळा रिपोर्ट टाकून द्यायचा नाही.

भांडणं झाली ती पडद्यावरून. मालकाला टक्के दाखवणारी पट्टी हवी होती. मी विरोध केला. प्रयोगशाळा किती वेळ घेईल हे आपल्यालाच माहीत नसताना टक्के कशाचे? शेवटी 'इतक्या पेट्या झाल्या, इतक्या बाकी' एवढंच ठेवलं. जे मोजता येतं तेवढंच छापायचं, हा माझा जुना आग्रह होता आणि मोजमापाच्या त्या घरात जन्मलेल्या माणसाला पटायला वेळ लागला नाही.

दुसरं भांडण ताईने लावलं. पहिल्या मसुद्यात बटण दाबल्यावर मोठ्या अक्षरात रांगेतला क्रमांक यायचा. ती प्रोग्रामर मुलीशी फोनवर बोलत होती, आणि आम्ही सगळे ते ऐकत होतो.

"नंबर नको बाई."

"का ताई? नंबर आला म्हणजे तुमची मागणी नोंदली."

"नंबर दिला की समजायचं, आज काम होत नाय. कुठल्याबी हापिसात जा. नंबर हातात दिला की उद्या या. नंबर बघून माझा दीर लगेच दुसऱ्या खिडकीवर पळंल."

प्रोग्रामर मुलीने फोन ठेवला आणि क्रमांक काढून टाकला. त्या जागी मी लिहिलेलं वाक्य आलं: 'मिळालं. काम चालू आहे. हे पान बंद केलं तरी चालेल.' खाली कंटेनरचं नाव आणि कोणत्या फोनवरून काम सुरू झालं ते. गटाने आपापल्या फोनला दिलेली नावं आमच्याकडे आधीपासून होती.

खरा कंटेनर आला त्या दिवशी मी सकाळीच पॅकहाउसला गेलो. मालक आणि ती ऑफिसमध्ये पडद्यासमोर बसले. थंडी होती. कंटेनर शेडच्या तोंडाशी पाठ करून उभा होता आणि त्याच्या थंड करणाऱ्या यंत्राची घरघर सगळ्या गप्पांवर येत होती. पेट्यांवर छापलेलं नाव गटाचं होतं. पेठच्या बायांपैकी एकीने पेटी उचलताना ताईला विचारलं, "याच्यावर आता तुमचंच नाव काय?" ताई म्हणाली, "आपलं." आणि पुढे गेली.

दुपारी तपासणी अधिकारी आले. गटातली माणसं एकेक करून जमली. चुलत सासरे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, दोन्ही हात काठीवर. कंटेनर संध्याकाळच्या आत निघाला तरच बंदराचं फाटक वेळेत गाठणार होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पेट्या रचलेलं शेवटचं पॅलेट बांधून झालं. ताईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बटण दाबलं.

'मिळालं. काम चालू आहे.'

ती ते वाक्य वाचत असतानाच दीर फाटकाशी पोचलेला होता. सवय. त्याने लॉगिन केलं, बटण दाबलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"वैनी, हे तुमचंच नाव सांगतंय. 'ताईंच्या फोनवरून काम आधीच चालू आहे.' मला इचारतच नाय."

"घरात तरी कुठं इचारतं कोण तुला," हिशेबवाली बाई खिडकीतून म्हणाली.

सुपरवायझरने पायरीवरून बघितलं. त्यालाही तेच दिसलं. पेट्यांचा आकडा तिन्ही फोनवर एकच होता आणि तो एकाच चालीने पुढे सरकत होता. ड्रायव्हर टपावर चढलाच नाही.

आणि मग वीज गेली.

जनरेटर सुरू झाला. कोल्ड रूम आणि टेबलांवरचे दिवे त्याच्यावर होते. इंटरनेटचा डबा मात्र नव्हता, त्याच्या दोन्ही बत्त्या विझल्या. थोड्या वेळाने फोनवरची रेंजही ढासळली, कारण गावाच्या टॉवरलाही तीच वीज होती. ताईच्या फोनवरचं पान तिथेच गोठलं. दिराने फोन वर धरून फाटकाभोवती एक फेरी मारली.

चुलत सासऱ्यांनी काठी जमिनीवर टेकली. "गेलं," ते म्हणाले. "म्हटलं होतं मी. व्यापाऱ्याकडं ही भानगड नव्हती. माल दिला की आपण मोकळे."

अधिकारी घड्याळाकडे बघून ताईला म्हणाले, "रिपोर्ट असल्याशिवाय मला सील लावता येणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

सगळे ताईकडे बघत होते. सरावाच्या दिवसांत याच क्षणी ती म्हणाली असती, बघा बरं तुमच्याकडून. तिने फोनवरचं गोठलेलं वाक्य एकदा वाचलं आणि फोन कमरेला खोचला.

"मिळालं म्हणलंय त्यानं," ती म्हणाली. "आपली वीज गेली, त्याची नाय. साहेब, तोवर तुम्ही माल बघून घ्या. चला." दिराला तिने एवढंच सांगितलं, "जनरेटरची एक वायर त्या डब्याला अन् कॉम्प्युटरच्या टेबलाला ओढ. अन् फोन ठेव खिशात."

ती अधिकाऱ्यांना घेऊन कंटेनरकडे गेली. तपासणी, तापमान, पेट्यांची बांधणी, ती एकेक दाखवत होती आणि तिचा आवाज जराही बदलला नव्हता. खुर्चीवरून चुलत सासरे मला म्हणाले, "तुमचं ते यंत्र खरंच करतंय का काम, का नुसतं म्हणतंय?"

मी रस्त्यापर्यंत चालत गेलो. कोपऱ्यावर फोन कसाबसा लागला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"चालू आहे, काका," ती म्हणाली. तिच्या मागे मालक आकडे मोठ्याने वाचत होता. "प्रयोगशाळा मधे एकदा झोपली होती. परत विचारलं, दिलं तिने. मागणी एकच आहे. अख्ख्या गावातून एकच! तुम्ही सगळ्यांचे फोन जप्त केलेत का?"

"नाही. त्यांनीच ठेवलेत खिशात."

पलीकडे मालक म्हणाला, "संपादकांना सांग, शेवटच्या पेट्या राहिल्यात." आणि मग काही न सांगता दोघंही एकदम ओरडले. फोन कानापासून दूर धरावा लागला.

मी परत पोचलो तेव्हा डब्याच्या बत्त्या लागत होत्या. ताई कंटेनरपाशीच होती. हिशेबवाल्या बाईने कॉम्प्युटर उघडला आणि खिडकीतून फक्त एक शब्द टाकला: "झालं!"

रिपोर्ट तयार होऊन पडलेला होता. वीज नव्हती तेव्हाच तो पुरा झाला होता. प्रिंटर कागद ओढायला लागला. बायांच्या कात्र्या थांबल्या. सुपरवायझरने पायरीवरून टाळी वाजवली आणि ती टाळी शेडभर पसरली.

अधिकाऱ्यांनी कागद चाळले. मग ते पॅलेटजवळ गेले आणि मधल्या थरातली एक पेटी काढायला लावली. त्यांनी स्टिकरवरचा आकडा वाचला. "ही कोणाची?"

ताईने रिपोर्टमध्ये बोट फिरवलं, थांबली आणि चष्म्यावरून खुर्चीकडे बघितलं. "मामंजी, तुमची. विहिरीकडचा प्लॉट. परवा सकाळी काढलेला. तपासणीपत्र हे जोडलंय."

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "वाच परत."

तिने परत वाचलं. पेटीचा आकडा, प्लॉटचा गट क्रमांक, त्यांचं पूर्ण नाव.

"हे तिकडच्या लोकांना दिसनार? हॉलंडात?"

"पेटी उघडणाऱ्याला दिसणार."

ते उठले, पेटीजवळ आले, स्टिकरवरून अंगठा फिरवला, आणि ती पेटी पुन्हा जागेवर ठेवायला कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः ठेवली.

दारं लागली, सील लागलं. कंटेनर हलला तेव्हा ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं. दीर फाटक उघडून उभा राहिला आणि ट्रक रस्त्याला लागेपर्यंत हात वर धरून होता. पेठच्या बाया दारात येऊन बघत होत्या. त्यांच्यातल्या एकीने ताईच्या गालाला पाठीमागून द्राक्षाचा थंड घड लावला आणि पळाली. ताई तिच्या मागे चार पावलं धावली. दोन खेपांत मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होतो.

परतीच्या एसटीची वेळ झाली म्हणून मी निरोप घ्यायला गेलो. ती पुठ्ठा ठोकलेल्या खांबापाशी उभी राहून फोनवर काही करत होती.

"ताई, आता काय राहिलं?"

"दुसऱ्या कंटेनरच्या जेवढ्या पेट्या झाल्यात, तेवढ्यांचा रिपोर्ट टाकून ठेवते. उद्या उरलेल्यांचा." तिने फोन माझ्याकडे वळवून दाखवला. वाक्य आलेलं होतं. तिने ते वाचायची वाट न बघता पान बंद केलं.

मागून काठीचा आवाज आला. "त्याच्यात," चुलत सासरे म्हणाले, "माझ्या खालच्या प्लॉटचाबी माल घे."

"मिळालं, मामंजी," ताई म्हणाली.